पत्त्यावर मिळून आली नाही

सहा जुलै २००४, मंगळवार. अर्धवट वाळलेल्या चादरींवर इस्त्री फिरवत होते. वारज्यात त्या आठवड्यात ऊन म्हणून पडले नव्हते, आणि नव्या माणसाला ओलसर चादरीवर झोपवायचे म्हणजे दुसऱ्या दिवशी काढा करत बसायचे. तिसरी चादर चालू असताना बेल वाजली. सांगितलेल्या वेळेच्या दोन तास आधी.

दारात एकोणीस वर्षांची मुलगी उभी होती. हातात निळी बॅग, खांद्याला दुसरी, कपाळावर टिकली. मॉरिशसची मुलगी येणार म्हणून मी मनात काहीतरी वेगळेच धरून बसले होते. हिला आमच्या बँकेच्या रत्नागिरी शाखेत काउंटरवर बसवली असती तर कोणी दुसऱ्यांदा वळून पाहिले नसते. तिचे पूर्वज चार-पाच पिढ्यांपूर्वी कोकणातून तिकडे उसाच्या मळ्यांवर गेलेले. आडनाव अजून इकडचेच. मराठी ती संध्याकाळच्या शाळेत पुस्तकातून शिकलेली.

"नमस्कार काकू. मी लवकर आले, क्षमा करा. विमान पहाटेच पोहोचले."

"आत ये आधी. चपला तिथे काढ."

ती आली, खुर्चीच्या टोकावर बसली आणि पाणी मागू की नको अशा नजरेने माठाकडे पाहत राहिली. मी पेला हातात दिला.

माझ्याकडे खोली रिकामी होती. बँकेत संगणक आले, मग स्वेच्छानिवृत्तीची योजना आली, आणि बावीस वर्षांच्या नोकरीनंतर मी घरी बसले. ह्यांची नोकरी नगरला, शनिवार-रविवार घरी. मुलगा आदल्या वर्षी शिकायला जर्मनीला गेला. नणंदेच्या ओळखीतून या मुलीचे विचारले गेले. कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश मिळाला आहे, कॉलेज एकोणीस तारखेला सुरू होईल, कागदपत्रांसाठी दोन आठवडे आधी येईल, पुढे हॉस्टेलचे बघू. "मुलगी आपल्यातलीच आहे," नणंद म्हणाली होती. मी हो म्हटले.

हो म्हणायला नको होते, कारण आमच्या सोसायटीत तसा नियम होता. कमिटीच्या पत्राशिवाय पेइंग गेस्ट ठेवायचा नाही, आणि परदेशी विद्यार्थी तर नाहीच. नियम त्याच वर्षी मार्चमध्ये झाला. हिंजवडीला कामाला जाणाऱ्या एका मालकाने आपला फ्लॅट दोन परदेशी मुलांना दिला होता. आवाज, येणेजाणे, वास, अशा तक्रारी झाल्या. रविवारी सभा झाली आणि संध्याकाळी त्यांचे सामान पार्किंगमध्ये आले. गाद्या, पुस्तके, एक प्रेशर कुकर. कुकरमध्ये भात तसाच होता. मुले बाहेरून आली तेव्हा त्यांना खाली थांबवून फक्त सामान दाखवण्यात आले. ती कुठे गेली ते कोणी विचारले नाही. त्या सभेत हात वर करणाऱ्यांत मीही होते.

म्हणून पहिल्याच दिवशी, पोहे खाऊन होताच, मी तिला समोर बसवले.

"हे बघ, इथे कोणी विचारलं तर तू माझ्या चुलतबहिणीची मुलगी. गाव मालवणजवळ. कॉलेजसाठी आली आहेस. यापलीकडे बोलायचं नाही. आणि काकू नको म्हणू, मावशी म्हण."

तिने नीट ऐकून घेतले. "आपल्याला चुलतबहीण आहे का?"

"आहेत चार. कोण मोजतंय."

"मालवण मी पाहिलेले नाही."

"इथल्या निम्म्या लोकांनीही पाहिलेलं नाही. मासे खाण्यापुरतं माहीत असतं. तुझ्या तोंडाकडे बघून कोणी परदेशी म्हणणार नाही. चिंता करू नको."

ती चिंता करू लागली ते तिथून. त्यावेळी मला ते थकव्यासारखे वाटले.

संध्याकाळी तिला घेऊन खाली उतरले. गेटवर वॉचमनची वही असते. नाव, कोणाकडे, कोठून आले. वॉचमन वाशिमकडचा, अक्षर चांगले नाही म्हणून लोकांनाच लिहायला लावायचा. मी तिच्या हातातून पेन घेतले आणि लिहिले: पाहुणी, मालवण. तिचे नाव लिहिलेच नाही. तिने ते पाहिले.

सोसायटीचे अध्यक्ष तिथेच प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेले होते. आमची इमारत उभी आहे ती जमीन त्यांच्या घरची. तिथे त्यांच्या वडिलांचा कांदा असायचा. बिल्डरला जमीन देऊन त्यांनी तीन फ्लॅट घेतले, पण चालणे अजून बांधावरचे, आणि कुठल्या मजल्यावर कोण आले-गेले यावर नजरही तशीच.

"म्याडम, कोन हाय ही?"

"भाची. मालवणची. शिकायला आली आहे."

"मालवनची." त्यांनी तिला वरून खालपर्यंत पाहिले. "तुमचं तर सासर-माहेर दोन्ही सातारा ना?"

"चुलतबहीण तिकडे दिली."

"आसं. लांब दिली." मग तिच्याकडे वळून, "काय गं, पाऊस किती हाय तिकडं?"

मुलगी म्हणाली, "पुष्कळ आहे, आजोबा."

ते साठीच्या आतले होते. हसले, पण आजोबा म्हटल्याचा राग हसण्याच्या मागे राहिला. मी तिला वाण्याकडे नेले आणि वाटेत सांगितले, यापुढे फक्त मान हलव.

ती आज्ञाधारक होती. दुसऱ्या दिवसापासून तिने मान हलवायला सुरुवात केली आणि मग बाहेर जाणेच कमी केले. गुरुवारी कॉलेजला जाऊन आली. येताना बायपासच्या पुलापाशी उतरून अर्धा तास उभी राहिली, कारण त्या वेळी कंपन्यांच्या बस तिथे माणसे उतरवतात आणि त्यात आमच्या इमारतीतले दोघे होते. ते वर जाईपर्यंत ती पावसात थांबली. मी विचारले, छत्री होती ना? होती, म्हणाली. मग? "त्यांनी मालवणविषयी विचारले असते."

त्याच दिवशी तिने पहिल्यांदा पत्राचा विषय काढला. विद्यार्थी म्हणून आलेल्या परदेशी नागरिकाला चौदा दिवसांत पोलीस आयुक्तांच्या कचेरीत नोंद करावी लागते. त्यासाठी घरमालकाचे पत्र आणि घराचा पुरावा लागतो. नोंदीचा कागद दाखवल्याशिवाय कॉलेज हजेरीपटावर नाव घेणार नव्हते.

"चौदा दिवस आहेत ना? बघू," मी म्हटले.

पत्र देणे म्हणजे परदेशी मुलगी ठेवल्याचे सही करून कबूल करणे. ते कागद फिरतात, हे मला बँकेमुळे माहीत होते. कुठून तरी सोसायटीच्या पत्त्यावर एक प्रत येते आणि अध्यक्षांच्या हातात पडते. मधल्या काळात हॉस्टेलची सोय झाली तर हॉस्टेलच पत्र देईल, असा माझा हिशेब. मी त्याला व्यवहार समजत होते.

सोमवारी तिने पुन्हा विचारले. "काकू, पत्र."

"मावशी म्हण. हॉस्टेलचं काय झालं?"

"ऑगस्टनंतर सांगतील."

"मग दोन दिवस थांब. मी बघते."

ती थांबली. आता आठवते ते असे, की त्या दिवसांत घरात तिचा आवाजच नव्हता. पाट ओढल्याचा नाही, बादली ठेवल्याचा नाही. निळी बॅग तिने उघडलीच नव्हती. रोज वरचे दोन कपडे काढायची, धुतलेले परत त्यात ठेवायची आणि चेन लावायची. कपाटाचे दोन खण मी तिच्यासाठी रिकामे करून नवे वर्तमानपत्र अंथरले होते. ते खण रिकामेच होते. मी एकदा म्हटले, "कपडे लाव की. आंबट वास येईल बॅगेत." ती म्हणाली, "लावीन."

जिन्यात पावले वाजली की ती स्वयंपाकघरात जायची. मी सांगितले नव्हते. तिचे तिनेच ठरवले होते. मला ते सोयीचे वाटले.

पंधरा तारखेला, गुरुवारी, सकाळी अकराच्या सुमारास बेल वाजली. मी भाजी निवडत होते. ती माझ्यासमोरून उठून आत गेली. दार उघडले तर पोलीस शिपाई, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत फाइल. आणि त्याच्यामागे, एक पायरी खाली, अध्यक्ष.

"खाली पत्ता इचारत होते," अध्यक्ष म्हणाले. "म्हटलं दाखवतो."

शिपाई तरुण होता, थकलेला, बूट ओले. त्याने पिशवीतून कागद काढला आणि मुलीचे नाव वाचले. पूर्ण नाव, वडिलांचे, आडनाव. मग पासपोर्टचा नंबर. मग माझा पत्ता, फ्लॅट नंबरासकट. "मॉरिशसच्या नागरिक आहेत. इथे राहतात असं विमानतळावरच्या कार्डावर लिहिलंय. पडताळणीला आलोय."

अध्यक्ष म्हणाले, "आडनाव तर आपलंच हाय की."

मला त्या क्षणी पोलीस दिसतच नव्हता. मला दिसत होता तो एक पायरी खालचा माणूस, आणि पार्किंगमधला तो कुकर.

मी म्हटले, "नाही. अशी कोणी इथे राहत नाही."

"कार्डावर पत्ता तर हाच आहे."

"असेल. पुण्यात कोणीही कोणाचाही पत्ता देतं. माझ्याकडे भाची आहे, गावाहून आलेली. बाकी कोणी नाही."

"नक्की?"

"मी खोटं कशाला सांगू?"

शिपायाने जिन्याच्या कठड्यावर फाइल टेकवून लिहिले. लिहिताना अर्धवट मोठ्याने वाचत होता: सदर व्यक्ती दिलेल्या पत्त्यावर मिळून आली नाही. "इथं सही करा, बाई. आज संध्याकाळी जमा करतो."

बावीस वर्षे मी लोकांना सांगत आले, वाचल्याशिवाय सही करू नका. मी वाचले, आणि सही केली.

अध्यक्ष जाता जाता म्हणाले, "म्याडम, रविवारी मीटिंग हाय. साधीच. भाचीला पन आना. सगळ्यांची वळख हुईल."

दार लावून मी आत आले. मुलगी गॅसच्या ओट्याला पाठ लावून उभी होती. नळ थेंब थेंब गळत होता, आणि तो तिने बंद केला नव्हता, म्हणजे ती तिथे अगदी न हलता उभी असणार. मी नळ बंद केला आणि भाजी घेऊन बसले. तीही बसली. आम्ही दोघींनी मिळून सगळी मेथी निवडली. मग तिने विचारले,

"काकू, आता मी कुठे राहते?"

मी मावशी म्हण म्हटले नाही.

शिपायाने लिहिलेल्या त्या ओळीचा अर्थ मला तिच्यापेक्षा जास्त कळत होता. आमच्या बँकेत खातेदाराला पाठवलेले रजिस्टर पत्र पत्त्यावर नाही म्हणून परत आले की मी त्याच्या खात्याच्या पानावर लाल शाईने खूण करत असे. मग तो माणूस स्वतः काउंटरसमोर येऊन उभा राहिला तरी तो तोच आहे हे त्याला सिद्ध करावे लागे. एकदा एक म्हातारे गृहस्थ तीन महिने खेपा घालत होते. त्यांच्या घरमालकाने पोस्टमनला नाही म्हणून सांगितले होते, घर रिकामे करून हवे होते म्हणून. ते घर सोडून कुठेही गेले नव्हते. मी नियमाने वागले. मला त्या घरमालकाचा राग यायचा.

दुपारी ती प्रथमच आपणहून बोलली. त्यांच्या गल्लीतला एक मुलगा दोन वर्षांपूर्वी असाच इकडे शिकायला आला होता. कागदात काहीतरी राहिले आणि पंधरा दिवसांत परत आला. "तो जाताना सर्वांनी मंदिरात नारळ फोडले होते. माझ्या वेळीही फोडले. तो मुलगा अजून विमानतळाच्या रस्त्याने जात नाही. लांबून जातो."

"तुझं तसं होणार नाही."

"आपण कसे सांगता?"

मी उठून चहाचे आधण ठेवले.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. हवा, जेवण, तिकीट, नेहमीचे. मी विचारले, "तू गेलास तेव्हा तिकडे नाव नोंदवायला लागलं होतं ना रे?"

"हो, पहिल्या आठवड्यातच. का गं?"

"सहज. कोणाबरोबर गेला होतास?"

"घरमालकीण आली होती की. मला भाषा कुठे येत होती. म्हातारी माझ्याबरोबर दोन तास लाइनीत उभी. सांगितलं होतं तुला. तू म्हणालीस, रिकामटेकडी दिसते."

म्हणाले होते खरे.

फोन ठेवला आणि पाहिले तर मुलीच्या खोलीचे दार अर्धे उघडे. ती पलंगावर बसून पासपोर्ट, प्रवेशाचे पत्र, गुणपत्रिका एका पिशवीत भरत होती. निळ्या बॅगेची चेन लावलेली. मी विचारले, "काय चाललंय?" ती म्हणाली, "रविवारी सामान खाली न्यायचे असेल तर मी आधीच नेईन. कोणी हात लावलेला मला आवडणार नाही."

मार्चमधली गोष्ट मी तिला सांगितली नव्हती. वॉचमनने सांगितली असावी.

त्या घरात मी पुढेही बरीच वर्षे राहिले, बरेवाईट पुष्कळ पाहिले. पण आपल्या घरातल्या माणसाने आपल्याला इतके बरोबर ओळखलेले मला नंतर कधी आढळले नाही.

शुक्रवारी सकाळी सहाला उठले. आधी तिची बॅग उघडली. ती दारात उभी राहून पाहत होती. कपडे काढले, झटकले, कपाटाच्या दोन खणांत लावले. खरेच आंबट वास येत होता. रिकामी बॅग माळ्यावर टाकली. मग टेबलाशी बसून पत्र लिहिले: ही मुलगी सहा जुलैपासून माझ्या घरी भाड्याने राहते. खाली नाव, पत्ता, सही, तारीख. विजेचे बिल आणि सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, दोन्हींच्या प्रती कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे काढायच्या, म्हणून मूळ कागद पर्समध्ये ठेवले.

"आवर. नऊला निघू."

"मी सोबत यायचे?"

"तुझीच नोंद आहे. मी एकटी जाऊन काय करू?"

गेटवर वॉचमनकडून वही मागून घेतली. मागे पाने उलटून सहा तारखेची ओळ काढली. पाहुणी, मालवण यावर रेघ मारली आणि तिचे पूर्ण नाव लिहिले. कोठून, या रकान्यात मॉरिशस. शेजारी माझी सही. प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून अध्यक्ष पाहत होते.

"काय दुरुस्ती चाललीय?"

"वाचा ना. मराठीतच लिहिलंय."

ते उठून आले. वाचले. वही मिटली. "रविवारी बोलू," म्हणाले. म्याडम म्हणाले नाहीत.

रिक्षात तिने कागदांची पिशवी मांडीवर धरून ठेवली. कचेरीत पोहोचलो तेव्हा आमच्या आधी अकरा-बारा जण होते, बहुतेक तिच्याच वयाचे, प्रत्येकाच्या मांडीवर तसलीच पिशवी. दीड तासाने नंबर लागला. टेबलामागचे हवालदार पन्नाशीचे, चष्मा नाकावर. त्यांनी नाव पाहिले, ढिगातून एक कागद काढला, माझ्या पत्राशेजारी ठेवला आणि दोन्हींवर बोट फिरवले.

"ही सही आपलीच?"

"हो."

"आणि ही कालची?"

"तीही माझीच."

"काल राहत नव्हती, आज दहा दिवसांपासून राहते."

"काल मी खोटं सांगितलं."

त्यांनी चष्म्यावरून पाहिले. "बाई, असं म्हणून भागत नाही. पोलिसांना खोटी माहिती दिलीत, त्याचं काय होतं माहीत आहे ना? लिहून द्या. का सांगितलं तेही लिहा. मग साहेब काय ते ठरवतील."

"तुम्ही तिचा फॉर्म घेताय ना?"

"आधी लिहा."

मी उभ्याउभ्या लिहायला घेतले. काल मी पोलीस शिपायास खोटी माहिती दिली. पुढे कारण लिहायचे होते. सोसायटीचा नियम, असे लिहिले आणि खोडले. शेवटी लिहिले, शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. एवढेच होते. त्याखाली सही केली, चौथी.

हवालदारांनी ते वाचले, कालच्या अहवालाला टाचणी लावून जोडले आणि आतल्या खोलीत पाठवले. मग खण उघडून एक कोरा फॉर्म काढला आणि मुलीकडे सरकवला. "भरून ठेव. साहेबांनी हो म्हटलं तर घेतो."

ती भराभर लिहीत गेली. भारतातील पत्ता, या रकान्याशी थांबली आणि पेन तसेच धरून माझ्याकडे पाहिले. तिला पत्ता पाठ होता. विमानतळावर तिनेच लिहिला होता.

मी सांगत गेले, फ्लॅट नंबरापासून. ती लिहीत गेली. मग आम्ही बाकावर जाऊन आतले दार उघडण्याची वाट पाहत बसलो.